पुलावरून सोडलेली टोपली

बॅटमॅन हे नाव ह्या साप्ताहिकाच्या पानावर वाचून आमच्या वडीलधाऱ्या वाचकांना नवल वाटेल, आणि धर्मगुरूंना आता लिहावयास विषय उरले नाहीत की काय, अशी शंकाही कोणाला येईल. तिला आमचा इलाज नाही. ज्या गृहस्थाचे चित्र आपल्या नातवाच्या दप्तरावर, पाण्याच्या बाटलीवर आणि सदऱ्यावर बारा महिने आपल्या घरात वावरत आहे, त्याची एकदा चौकशी केली तर काही बिघडत नाही.

ज्यांस ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. बॅटमॅन म्हणजे वटवाघळाचा वेश घेणारा माणूस. १९३९ साली अमेरिकेतील मुलांच्या चित्रकथांतून तो प्रथम अवतरला. बॉब केन आणि बिल फिंगर हे त्याचे जनक. गॉथम नावाच्या एका कल्पित महानगरात ब्रूस वेन हा धनाढ्य घरचा मुलगा असतो. त्याच्या डोळ्यांदेखत एक लुटारू त्याच्या आईवडिलांचा खून करतो. पोर मोठे होते, आणि रात्री-अपरात्री वटवाघळाचा वेश करून गुन्हेगारांच्या पाठीस लागते. त्याला उडता येत नाही, अंगी काही अमानुष बळ नाही. आहे तो वडिलोपार्जित पैसा, नाना तऱ्हेची यंत्रे आणि लहानपणीची न भरलेली जखम. पोरांना यंत्रे आवडतात. जखमेकडे कोणी फारसे पाहत नाही.

१९८९ साली टिम बर्टन ह्या दिग्दर्शकाने ह्या कथेवर चित्रपट काढला. त्याने जगभरात सुमारे ४१ कोटी डॉलर मिळविले, तेव्हा दुसरा भाग निघणार हे ओघानेच आले. ‘बॅटमॅन रिटर्न्स’ ह्या नावाने तो १९ जून १९९२ रोजी अमेरिकेत प्रदर्शित झाला. पहिल्या तीन दिवसांत त्याने साडेचार कोटी डॉलरहून अधिक कमाई केली. तोवर कोणत्याही चित्रपटाने पहिल्या तीन दिवसांत तेवढी केली नव्हती. पण दुसऱ्याच आठवड्यात गर्दी झपाट्याने ओसरली, आणि अखेरची बेरीज सुमारे २७ कोटींवर थांबली. दुकानदारीच्या हिशेबाने हे काही दिवाळे नव्हे. परंतु ज्यांनी तो पाहिला त्यांचे एकमत होईना. आणि आज इतक्या वर्षांनंतरही ते झालेले नाही.

आता कथा. नाताळचे दिवस आहेत, बाहेर बर्फ पडते आहे. कॉबलपॉट नावाच्या एका खानदानी घरात मूल जन्मास येते. त्याचे तोंड आपल्याला दाखवीत नाहीत. ऐकू येतात त्या किंकाळ्या. पुढच्या दृश्यात ते मूल एका पेटीवजा पिंजऱ्यात कोंडलेले असून शेजारी नाताळचे झाड उभे आहे. घरातील मांजर जवळून जाते, आणि पिंजऱ्यातून एक हात येऊन ते आत ओढून घेतो. आईबाप हातातील पेला रिकामा करतात. त्याच रात्री ते बाबागाडी घेऊन बागेत निघतात. वाटेत दुसरे एक जोडपे आपले बाळ घेऊन चाललेले भेटते. ते हसून ह्यांना नाताळच्या शुभेच्छा देते. मग पूल येतो. पुलावरून बाळाची टोपली खालच्या पाण्यात टाकली जाते. ती वाहत वाहत गटारांच्या भुयारात शिरते, आणि शेवटी एका ओसाड प्राणिसंग्रहालयात पेंग्विन पक्ष्यांच्या थव्यापाशी जाऊन लागते. एवढे झाल्यावर पडद्यावर अक्षरे उमटतात: तेहतीस वर्षांनंतर.

आमच्या वाचकांना हा आकडा काय सांगतो ते आम्ही सांगावयास नको. नाताळ, पाण्यात सोडलेली टोपली आणि तेहतीस वर्षे. कथा लिहिणाऱ्यांनी बायबल उघडून ठेवले होते आणि प्रत्येक पान उलटे धरले होते, असे आम्हांस वाटते. मोशेची टोपली आईने बाळ वाचावे म्हणून पाण्यावर ठेवली; ही टोपली मूल बुडावे म्हणून टाकलेली आहे. मोशेची बहीण काठावर उभी राहून टोपलीवर डोळा ठेवून होती. येथे काठावर कोणी नाही.

हा मुलगा मोठा होऊन ‘पेंग्विन’ ह्या नावाने ओळखला जातो. त्याच्या हातांची बोटे एकमेकांस जुळलेली आहेत. डॅनी डीव्हिटो ह्या नटाने ही भूमिका केली आहे, आणि तिच्यासमोर बॅटमॅन झालेला मायकल कीटन बऱ्याच वेळा पाहुण्यासारखा वाटतो. मॅक्स श्रेक नावाचा एक बडा व्यापारी ह्या पेंग्विनला गटारातून वर आणतो, शहराला त्याची कीव येईल अशी नाटके रचतो, आणि पुढे त्याला नगराध्यक्षपदासाठी उभा करतो. ह्याच श्रेकने आपल्या गैरव्यवहाराचा सुगावा लागलेल्या सेलिना काइल ह्या कारकून बाईला उंच खिडकीतून ढकलून दिलेले असते. ती वाचते आणि मांजरीचा वेश घेऊन सूड उगवू लागते. मिशेल फायफर हिने हे काम फार परिणामकारक केले आहे. पेंग्विन दप्तरखान्यात बसून आपल्या आईबापांची नावे शोधतो आहे असे लोकांना वाटते. खरे पाहता तो शहरातील प्रतिष्ठित घरांच्या पहिल्या मुलांची यादी करीत असतो. ती मुले पळवून, आपल्याला जसे बुडविले तसे त्यांना बुडवावयाचे, हा त्याचा बेत. हेरोद आणि फारो, दोघेही एका काळ्या छत्रीखाली! बॅटमॅन बेत हाणून पाडतो, हे सांगावयास नकोच.

आता ह्यावर लोक काय म्हणाले ते पाहू.

पहिली तक्रार आईबापांची. अमेरिकेत १९८४ पासून चित्रपटांना अशी एक खूण लावण्याची पद्धत आहे की, तेरा वर्षांखालील मुलांना दाखविताना पालकांनी विशेष सावध असावे. ती खूण ह्या चित्रपटाला होती. पण त्याच वेळी मॅकडॉनल्ड्सच्या उपाहारगृहांतून लहान मुलांच्या जेवणाच्या डब्यात ह्याच चित्रपटातील पात्रांची खेळणी मिळत होती. पोरे खेळणे घेऊन थिएटरकडे वळली, आणि तेथे त्यांनी काय पाहिले? माणसाच्या नाकाचा चावा घेणारा पेंग्विन, त्याच्या तोंडातून गळणारा काळा द्रव, इमारतीच्या माथ्यावरून खाली कोसळणारी एक तरुणी, आणि एका गुंडाला स्वतः आग लावणारा नायक. संतापलेल्या पालकांची पत्रे वृत्तपत्रांत छापली गेली. कंपनीचे म्हणणे असे की, खेळणी त्या पात्राची गंमत मुलांना कळावी म्हणून होती, चित्रपटाला गर्दी व्हावी म्हणून नव्हती. फेस्ताच्या जत्रेत आकाशपाळण्याला टेकून फुगे विकणाऱ्याने ‘पाळण्यात बसा असे मी कोठे म्हणालो?’ असे विचारावे, तशातला हा प्रकार. ह्या प्रकरणी आम्ही पूर्णपणे पालकांच्या बाजूचे आहोत. चित्रपट चांगला की वाईट हा प्रश्न येथे उद्भवतच नाही. दारू उत्तम असली म्हणून कोणी ती दुधाच्या बाटलीत भरून देत नाही.

दुसरी तक्रार अधिक गंभीर होती. जुलै १९९२ मध्ये न्यूयॉर्क टाइम्स ह्या दैनिकात दोघा विद्यापीठीय विद्यार्थ्यांनी लेख लिहून असे म्हटले की, पेंग्विनचे बाकदार नाक, त्याची मोशेसारखी टोपली, पहिल्या मुलांवरचा त्याचा डोळा आणि नाताळचा त्याने केलेला विध्वंस ही सारी मिळून यहुदी लोकांविरुद्धच्या जुन्या द्वेषाचे चित्र उभे राहते. त्यावर पुष्कळांनी उलट लिहिले. करणाऱ्यांच्या मनात तसे काही होते असे आम्हांस वाटत नाही. परंतु यहुद्यांविरुद्धच्या द्वेषाचा निषेध दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेला १९६५ साली स्पष्ट शब्दांत करावा लागला. हे जाणणाऱ्या धर्मगुरूने अशी तक्रार हसण्यावारी नेऊ नये. नाताळची गोष्ट उलटी करून सांगताना तिचा घाव कोणावर बसेल, हा विचार सांगणाऱ्याने केलाच पाहिजे.

समीक्षकांचेही दोन तट पडले. रॉजर ईबर्ट ह्या नामवंत समीक्षकाने चारांपैकी दोनच तारे दिले. चित्रपटाच्या देखणेपणाबद्दल त्याला आदर होता, पण त्यात आनंद कोठे नाही अशी त्याची खंत होती. इतर काहींना तोच विषाद मोलाचा वाटला. रंगभूषा आणि दृश्यचमत्कार ह्या दोन बाबींसाठी त्याचे नाव ऑस्कर पारितोषिकासाठी पुढे आले. पारितोषिक मिळाले नाही.

हे सगळे आम्ही वाचले ते नंतर. चित्रपट पाहिला तो गेल्या आगमनकाळात, आमच्याच निवासात. बेळगावला महाविद्यालयात शिकणारा आमच्या गावचा एक मुलगा हटून बसला होता की, हा खरा नाताळचा चित्रपट आहे आणि फादरांनी तो पाहिलाच पाहिजे. तीन कुटुंबे जमली. लहान मुलांना सिस्टरांनी नाताळच्या गीतांच्या सरावासाठी चर्चमध्ये नेले. चित्रपट संपला, चहा आला, आणि अमेरिकेत १९९२ साली जे झाले तेच आमच्या ओसरीवर सुरू झाले.

निवृत्त गुरुजी म्हणाले, “नायक झोपलाय की काय? सगळं काम खलनायकाकडे. पोरांनी आदर्श कुणाचा घ्यायचा?” मुलगा म्हणाला, “गुरुजी, आदर्श घ्यायला नाहीच तो. त्या शहरात एकसुद्धा माणूस धड नाही, हेच तर दाखवलंय.” त्याची थोरली बहीण हुबळीला परिचारिका आहे. तिने भावाला गप्प केले. ती म्हणाली, “त्या सेलिनाला खिडकीतून ढकललं, तर गावात कुणाला पत्ता नाही. पेंग्विनसाठी मात्र सगळे डोळे पुसतात. मोठ्या घरचा ना तो!” हे आमच्या ध्यानी आले नव्हते. एका शेतकरी गृहस्थांना एकच प्रश्न होता: एवढे पेंग्विन उष्ण मुलखात जगविले कसे? चित्रीकरणाची जागा त्यांच्यासाठी मुद्दाम थंड ठेवली होती, हे ऐकून त्यांचे समाधान झाले, आणि वीजबिलाबद्दल त्यांनी हळहळ व्यक्त केली.

एक बाई एवढा वेळ बोलल्या नव्हत्या. त्या कोण हे सांगण्याचे कारण नाही. त्यांचा मुलगा जन्माला आला तेव्हा त्याच्या उजव्या हाताची बोटे एकमेकांस चिकटलेली होती. बाप्तिस्म्याच्या दिवशी घरच्या वडील माणसांनी तो हात दुपट्यात गुंडाळून ठेवण्यास सांगितले होते, आणि बाळाला पुढच्या बाकावर आणू नये असाही आग्रह होता. त्यांनी पुढच्याच बाकावर आणले. पुढे शस्त्रक्रिया होऊन दोन बोटे सुटी झाली. आज तो मुलगा रविवारी आमच्या चर्चची घंटा वाजवितो. त्या बाईंनी कप खाली ठेवला आणि विचारले,

“त्या आईनं पुढं कधी पुलावर जाऊन बघितलं का हो, फादर?”

गुरुजी म्हणाले, “कथेत तसं काही नाही.”

“तेच म्हणते मी,” त्या म्हणाल्या.

त्यानंतर चित्रपटाची चर्चा फारशी झाली नाही.

आमच्या मनात ह्या चित्रपटाविषयी जे मत बनले ते त्या प्रश्नापासून बनले. काळा द्रव, चावलेले नाक, आगीचे लोळ ह्यांनी लोक बिथरले. पण आमचा आक्षेप त्यांवर नाही. आमचा आक्षेप पिंजऱ्यातील मांजरावर आहे. पाळण्यातल्या वयाचे मूल जिवंत मांजर आत ओढते, असे दाखविण्याचे प्रयोजन काय? प्रयोजन एवढेच की, पुढे पुलावर जे घडते ते पाहताना प्रेक्षकाने आईबापांना थोडी सवलत द्यावी. असले पोर घरात ठेवणार कोण, असे मनातल्या मनात म्हणावे. व्यंग घेऊन जन्मलेले मूल मुळातच दुष्ट असते, ही समजूत सिनेमाहून फार जुनी आहे. जन्मांध मनुष्याला पाहून खुद्द शिष्यांनी प्रभूला विचारले होते की, पाप कोणाचे, ह्याचे की ह्याच्या आईबापांचे? प्रभूने दोन्ही नाकारले. बर्टनच्या चित्रपटाने दोघांवरही बोट ठेवले आहे, आणि आमच्या मते हा त्याचा खरा काळोख आहे. १९९२ च्या पालकांनी ह्याविषयी तक्रार केल्याचे आमच्या वाचनात आले नाही.

तरीही ज्यांना हा चित्रपट मनापासून आवडतो त्यांना आम्ही चुकीचे म्हणणार नाही. कारण हाच चित्रपट पुढे त्या मुलाकडे अशा काही दृष्टीने पाहतो की, करणाऱ्याला त्याची दया होती ह्याविषयी संशय राहत नाही. दप्तरखान्यातील दृश्यच घ्या. यादीचे कारस्थान असेल. पण तो आपले नावही शोधतोच. त्याला पेंग्विन म्हणून हाक मारलेली खपत नाही. ऑस्वाल्ड कॉबलपॉट हे आपले नाव सापडल्यावर तो ते मोठ्या अभिमानाने मिरवितो.

नावाचा असा शोध आम्ही पाहिला आहे. बाप्तिस्म्याच्या नोंदवह्या आमच्या कपाटात असतात, आणि वर्षातून दहावीस माणसे आपली नोंद काढावयास येतात. कोणाला लग्नासाठी हवी असते, कोणाला पारपत्रासाठी. काही वर्षांपूर्वी चाळिशीचे एक गृहस्थ आले. अनाथाश्रमात वाढलेले, आता दूरच्या शहरात चांगल्या नोकरीवर. त्यांना दाखला नको होता. फक्त पान पाहावयाचे होते. आम्ही वही उघडली. आईच्या नावाच्या रकान्यात एक आडवी रेघ होती. ते त्या रेघेकडे पुष्कळ वेळ पाहत राहिले. मग त्यांनी धर्ममातेचे नाव वाचले, ह्या बाई हयात आहेत काय असे विचारले, आणि नाही म्हटल्यावर त्यांच्या थडग्यावर जाऊन आले. बर्टनच्या पेंग्विनने आईबापांच्या थडग्यापाशी जाऊन त्यांना क्षमा केली, तेव्हा बाहेर वृत्तपत्रवाल्यांची गर्दी उभी होती आणि दुसऱ्या दिवशी शहरभर वाहवा झाली. क्षमा जितकी जाहीर तितकी ती पोकळ, हे कबुलीच्या खुर्चीत बसणाऱ्याला कळते, आणि नवल म्हणजे त्या दिग्दर्शकालाही कळले होते. त्या दृश्यात वाहवा करणारी गर्दीच पुढे त्याचे खरे बोलणे कानावर पडताच त्याच्यावर भाजीपाला भिरकावते. ही गर्दी आम्ही दरवर्षी झावळ्यांच्या रविवारी आणि शुभ शुक्रवारी वाचतो.

आणखी एक प्रसंग. पेंग्विन पहिल्या मुलांना पळवू लागतो तेव्हा तो श्रेकच्या तरुण मुलाकडेही येतो. श्रेक हा ह्या कथेतील सर्वांत नीच मनुष्य. बाईला खिडकीतून ढकलणारा. तो म्हणतो, मुलाला सोड, मला ने. गुरुजींना हे खोटे वाटले. दुष्टाला एवढी माया कोठली, असे ते म्हणाले. आम्हांस मात्र ते साऱ्या चित्रपटातील सर्वांत खरे वाक्य वाटले. दुसऱ्याच्या लेकराबद्दल दगड असलेली माणसे स्वतःच्या लेकरासाठी जीव टाकतात, हे आम्ही जमिनीच्या तंट्यांत नेहमी पाहतो.

बॅटमॅन आणि पेंग्विन, दोघेही एकाच शहरातील दोन मोठ्या घरांचे पोरके मुलगे. एकाचे आईबाप गेले. दुसऱ्याला आईबापांनी घालविले. एकाला आल्फ्रेड नावाच्या म्हाताऱ्या सेवकाने वाढविले, दुसऱ्याला पक्ष्यांनी. आणि शेवटी पेंग्विन मरतो तेव्हा तेच मोठाले पक्षी दोन्ही बाजूंनी येऊन त्याला हळूहळू पाण्यात पोहोचवितात. ज्या शहराने त्याच्यासाठी आधी अश्रू ढाळले आणि मग टोमॅटो फेकले, त्यातील एकही मनुष्य तेथे नाही. आमच्या ओसरीवर ह्या ठिकाणी शेतकरी गृहस्थांनी सवयीने टोपी काढली होती.

पुढची हकीकत थोडक्यात सांगण्यासारखी आहे. पुढच्या भागाचे दिग्दर्शन जोएल शूमाकर ह्यांच्याकडे गेले, आणि १९९५ चा ‘बॅटमॅन फॉरएव्हर’ अधिक रंगीत व हलकाफुलका निघून सुमारे ३४ कोटी डॉलर मिळविता झाला. १९९७ चा त्यापुढला भाग इतका झगमगीत झाला की लोकांनी त्याची थट्टाच केली, आणि मालिका काही वर्षे बंद पडली. नंतर २००८ साली ख्रिस्टोफर नोलन ह्यांनी ‘द डार्क नाइट’ काढला. तो बर्टनच्या चित्रपटाइतकाच गंभीर, आणि त्याने १०० कोटी डॉलरचा पल्ला ओलांडला. अंधार फार झाला म्हणून तक्रार करणाऱ्यांची मुले तोवर मोठी होऊन तिकिटाच्या रांगेत उभी होती. ह्या मुलांपैकी कित्येकजण आता ‘बॅटमॅन रिटर्न्स’ नाताळात आवर्जून पाहतात, असे आमचा बेळगावचा विद्यार्थी सांगतो.

ज्यांना तो पाहावयाचा असेल त्यांनी लहान मुले निजल्यावर पाहावा. तेरा वर्षांच्या अटीत आम्ही आणखी दोन वर्षे घातली असती. आणि चहा आधीच उरकून घ्यावा, कारण पुलाचे दृश्य अगदी सुरुवातीलाच, नावे झळकण्यापूर्वी येऊन जाते. आमच्याकडे तीन माणसे स्वयंपाकघरात कप विसळत होती. त्यांना पुढचे दोन तास हा मनुष्य असा का झाला हे उमगेना, आणि ती त्या बाईंना सारखी विचारीत होती.